जुन्या लॉरासाठी घेतलेली व्हीसीडीएस केबल: डिझेलच्या फवाऱ्याचा हिशोब

डिझेल गाडी असेल, ती फोक्सवॅगन किंवा स्कोडाची असेल आणि इंजिन नेमकं किती डिझेल पितंय हे खरंच जाणून घ्यायचं असेल, तर गाडीतला कॉम्प्युटर लॅपटॉपवर वाचणारी रॉस-टेकची व्हीसीडीएस केबल घ्या. चार-पाचशे रुपयांच्या ब्लूटूथ डोंगलवर आणि मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. माझं मत एवढंच आहे. ते कशावरून झालं ते खाली लिहिते.

गाडी स्कोडा लॉरा, १.९ टीडीआय, पीडी इंजिन (म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पंप आणि इंजेक्टर एकत्रच). पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओतून पासिंग पुन्हा करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला आणि गाडी ठेवली. मी भोसरी एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवस सगळा गेज, मायक्रोमीटर आणि कॅलिब्रेशनच्या कागदांत जातो. त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की तो मोजलेला आहे की हिशोबाने काढलेला, हे मी आधी विचारते. गाडीच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच महत्त्वाचा निघाला.

आधी डोंगलचं सांगते, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. माझ्या गाडीत ॲपला फवाऱ्याचा, म्हणजे इंजेक्टर किती डिझेल सोडतो त्याचा, आकडा मिळतच नव्हता. त्याला मिळत होती ती इंजिनात जाणारी हवा. त्या हवेला ते १४.७ ने भागतं आणि इंधन काढतं. पेट्रोल इंजिनाला हे चालतं, कारण तिथे हवा आणि पेट्रोल त्याच प्रमाणात राखलेलं असतं. डिझेलमध्ये हवा जवळपास मोकळी आत येते आणि ताकद फक्त डिझेल कमी-जास्त करून मिळते. माझ्या गाडीत आयडलला एका स्ट्रोकला २५० मिलिग्रॅमच्या आसपास हवा जाते आणि डिझेल जातं ५ मिलिग्रॅम. प्रमाण ५० ला १. म्हणजे सिंहगड रोडच्या सिग्नलला उभं असताना ॲप तासाला दोन लिटरच्या वर दाखवत होतं आणि खरा खर्च होता त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. मायलेज असं काढणाऱ्या ॲपवर कुणी गाडीचं निदान करत असेल तर त्याने आजच थांबावं.

व्हीसीडीएसमध्ये कंट्रोलरने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, स्वतः धरलेला आकडा दिसतो, मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक या एककात. केबल स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायची, दुसरं टोक लॅपटॉपला, प्रोग्रॅममध्ये इंजिन निवडायचं आणि मेजरिंग ब्लॉक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या नंबरवार गटांत, जायचं. १ नंबरच्या गटात आरपीएम आणि फवाऱ्याचं प्रमाण शेजारी-शेजारी येतं. गाडी गरम झाल्यावर आयडलला माझ्याकडे ९०३ आणि ५ च्या आसपास असतं. ९०३ हा आकडा पाहून चमकू नका. या कंट्रोलरचा आरपीएम २१ च्या टप्प्याने सरकतो, ८८२, ९०३, ९२४ असा. अधलंमधलं काही दिसत नाही. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन फवारे, म्हणजे ९०३ ला तासाला १,०८,३६० फवारे. प्रत्येकी ५ मिलिग्रॅम धरले तर ५४२ ग्रॅम, म्हणजे साधारण ०.६५ लिटर डिझेल. १५ नंबरच्या गटात तासाला लिटर हा आकडा थेटही येतो, पण मी मिलिग्रॅमवरूनच हिशोब करते. लिटरसाठी कंट्रोलरने कुठली घनता धरली आहे ते मला दिसत नाही, आणि न दिसणारा गुणक मी कामावरही मान्य करत नाही.

आता मुख्य गोष्ट. हा ५ मिलिग्रॅमचा आकडाही मोजलेला नाही. इंजेक्टरच्या तोंडाशी कुठलाही मीटर नसतो. पीडी इंजिनात कॅमशाफ्ट प्रत्येक इंजेक्टरचा प्लंजर दाबतो आणि कंट्रोलर सोलेनॉइड व्हाल्व्ह ठराविक वेळ बंद ठेवतो. जितका वेळ बंद, तितका फवारा. नव्या, ठणठणीत इंजेक्टरातून तेवढ्या वेळात किती जातं याचा तक्ता कंट्रोलरच्या पोटात असतो आणि स्क्रीनवर येतो तो त्या तक्त्यातला आकडा. कॉमन रेलमध्येही (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखालचं डिझेल मिळतं त्या इंजिनांत) हेच, फक्त तिथे रेलचं प्रेशर आणि इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ यांवरून आकडा निघतो. इंजेक्टर झिजला तरी स्क्रीन जुनाच आकडा सांगत राहणार. फवारा प्रत्यक्ष मोजला जातो तो पंपवाल्याकडच्या टेस्ट बेंचवर. तिथे डिझेलऐवजी टेस्ट ऑइल ४० अंशांवर ठेवून एका स्ट्रोकला किती घन मिलिमीटर पडलं ते पाहतात. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेत मायलेजचा जो आकडा ठरतो, तोही टाकीतलं डिझेल मोजून नव्हे, तर धुरातल्या कार्बनवरून उलटा काढलेला असतो. हिशोबाने काढलेल्या आकड्यात वाईट काही नाही. तो कशाशी तरी ताडून घेतलेला असावा, इतकंच माझं म्हणणं.

म्हणून मी तो ताडून घेतला. पुणे ते कोल्हापूर आणि परत. दादा गाडी चालवत होता, लॅपटॉप माझ्या मांडीवर. (चालवणाऱ्याने लॅपटॉपला हात लावू नये. हे एकदाच सांगते, पण गंभीरपणे सांगते.) निघताना ज्या पंपावर, ज्या नोझलने, ऑटो कट होईपर्यंत टाकी भरली, परत आल्यावर तिथेच आणि तशीच भरली. मिलिग्रॅमची लिटरशी तुलना करायची तर डिझेलची घनता हवी. ती पंपावर मागता येते, तो ग्राहकाचा हक्क आहे. मॅनेजरने काचेचा जार, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बाहेर आणला. मी उकिडवी बसून डोळा डिझेलच्या पातळीला आणला, कारण वरून वाचलं की आकडा चुकतो. ३१ अंशांना ०.८२२. तक्त्यावरून १५ अंशांना आणल्यावर ०.८३३, आणि तेच पंपाच्या बोर्डावर लिहिलेलं होतं. पाच लिटरचं शिक्क्याचं मापही तिथे असतं. मॅनेजरने न कुरकुरता तेही भरून दाखवलं.

घरी आल्यावर प्रवासभराच्या नोंदींची, म्हणजे लॉगची, सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली. इथे एक खाचखळगा आहे. व्हीसीडीएस एका वेळी तीन गट नोंदवतं, पण प्रत्येक गटाचा वेळेचा रकाना वेगळा असतो, कारण गट एकामागून एक वाचले जातात. एका गटाचा आरपीएम आणि दुसऱ्याचा फवारा एकत्र गुणला तर घाटात, जिथे दोन्ही झपाट्याने बदलतात, बेरीज बिघडते. आरपीएम आणि फवारा एकाच गटातले घ्या. सगळी बेरीज केल्यावर लॉगमधल्या डिझेलचं वजन पंपावर भरलेल्या डिझेलच्या वजनापेक्षा चार टक्क्यांनी कमी आलं. ऑटो कटमध्ये अर्धा लिटर इकडेतिकडे धरला तरी त्यातले निदान दोन टक्के खरे. जुन्या इंजेक्टरकडून मला याहून जास्त फरक अपेक्षित होता. डॅशबोर्डवर दिसणारं मायलेज याच फवाऱ्याच्या आकड्यावर चालतं, त्यामुळे तेही तेवढंच गोड बोलत होतं. केबलने मीटरच्या अ‍ॅडॅप्टेशनमध्ये ३ नंबरच्या चॅनेलवर ते सुधारता येतं, ५ टक्क्यांच्या टप्प्याने. मी १०० चं १०५ केलं. आता डॅशबोर्ड आणि पंपाचं बिल एकमेकांना धरून आहेत. एरवी हे काम शोरूमलाच गेल्याशिवाय झालं नसतं.

लॉगमधून ज्या गोष्टी कळतात त्यांतली एक तर प्रत्येक डिझेलवाल्याने डोळ्यांनी पाहावी. कात्रजच्या जुन्या घाटात बोगदा ओलांडून शिंदेवाडीच्या बाजूने उतरताना तिसरा गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की फवारा ०.०. शून्य. चाकंच इंजिन फिरवत असतात आणि डिझेलचा एक थेंब जात नाही. आपल्याकडे उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे अजूनही रगड आहेत. न्यूट्रल टाकलं की इंजिनाला स्वतःच्या जोरावर फिरावं लागतं आणि तेच ५ मिलिग्रॅम सुरू होतात. वर ब्रेक तापतात ते वेगळंच. चढताना पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की आकडा पन्नाशीच्या घरात जातो. ८ नंबरच्या गटात तुमची मागणी, टॉर्कची मर्यादा आणि धुराची मर्यादा शेजारी-शेजारी दिसतात. गाडी ओढत नाही अशी तक्रार असेल तर तिघांपैकी कोण अडवतंय ते तिथे कळतं. धुराची मर्यादा खाली आली असेल तर हवेचा सेन्सर किंवा टर्बोचे पाइप बघायचे, इंजेक्टरला हात लावायचा नाही.

केबलचे पैसे मात्र १३ नंबरच्या गटाने वसूल करून दिले. आयडलला प्रत्येक सिलिंडरला सरासरीपेक्षा किती जास्त-कमी डिझेल द्यावं लागतंय ते इथे चार रकान्यांत दिसतं. क्रँकशाफ्टचा सेन्सर प्रत्येक ठोक्याचा वेग पाहतो आणि जो सिलिंडर मागे पडतो त्याला कंट्रोलर थोडं जास्त पाजतो. अधिक-उणे २.८ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माझी गाडी सकाळी थरथरायची. एका मोठ्या वर्कशॉपने चारही इंजेक्टर बदलायला सांगितले आणि जो आकडा सांगितला त्यात एखादी जुनी मारुती आली असती. लॉग कशाचा पाहिला असं विचारल्यावर उत्तर मिळालं नाही.

मी लॉग घेतला. १, २ आणि ४ नंबर उणे बाजूला, थोडे थोडे. ३ नंबर अधिक १.९. पुढच्या आठवड्यात तोच अधिक २.३. म्हणजे बिघाड एकाच सिलिंडरमध्ये आणि वाढता. पण हा गट दोष इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा ते सांगत नाही. दोन्हींत सिलिंडर मागेच पडतो. हे ज्यांना कळतं असे एक मिस्त्री मला भोसरीतच, कंपनीच्या मागच्या गल्लीत भेटले. प्रिंटआउट बघून म्हणाले, “ताई, आधी कॉम्प्रेशन बघू. ते सारखं निघालं तर तीन नंबर काढू, बाकीच्यांना हात नको.” कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं. तीन नंबरचं सील गेलेलं होतं. इंजेक्टर बेंचवर तपासून घेतला, तो ठीक होता. सीलचा संच, नवा बोल्ट, रॉकरच्या स्क्रूचं सेटिंग, एवढ्यावर काम झालं. गाडी गरम करून पुन्हा १३ नंबर उघडला तेव्हा तिसऱ्या रकान्यात ०.४ होतं. मिस्त्रींनी स्वतः लॅपटॉप फिरवून घेतला आणि बराच वेळ ते चार रकाने बघत बसले. त्यांच्याकडचा स्कॅनर कोड वाचतो, पण असं सलग नोंदवत नाही.

तक्रारीही आहेत. केबल महाग आहे. कस्टम ड्यूटीसकट मला पंचवीस हजारांच्या वर गेली. मी घेतली ती हेक्स-व्ही२, तीन गाड्यांच्या मर्यादेची. चौथी गाडी जोडायची तर जास्त पैसे. तिला विंडोजचा लॅपटॉप लागतो, फोनवर भागत नाही. तिन्ही गट एकदम लावले की नोंदी विरळ होतात. पडद्यावर आलेख सुबक नाहीत, एक्सेल येत असेल तरच मजा. बाजारात नकली केबली थोड्या पैशांत मिळतात. त्यांना अपडेट मिळत नाहीत, आणि इंजिनच्या कंट्रोलरशी बोलणारी वस्तू मी तरी नकली घेणार नाही.

आणि ही केबल फक्त फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, सीट यांच्यासाठी आहे. स्विफ्ट किंवा व्हिस्टाचं १.३ मल्टिजेट असेल तर तिचा उपयोग शून्य. त्यांनी चांगल्या गॅरेजमधल्या स्कॅनरवर सिलिंडरनिहाय करेक्शन बघून घ्यावं आणि इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून बॅक लीक टेस्ट करून घ्यावी. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा भराभर चढतं, तो इंजेक्टर आतून गळतोय. काही गाड्या साध्या डोंगललाही तासाला किती लिटर ते थेट सांगतात. ॲपमध्ये इंजिन फ्युएल रेट असा आकडा येत असेल तर तो हवेवरून काढलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी बरा.

ज्यांच्याकडे पीडी टीडीआय आहे आणि केबल घेणार आहेत त्यांनी पहिला लॉग असा घ्यावा: गाडी ८० अंशांच्या वर गरम, एसी बंद, दिवे बंद, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला. १३ नंबर एकटा लावून दोन मिनिटं. मग तीच फाइल तारीख टाकून ठेवा, आणि दर ऑइल बदलाच्या वेळी पुढची घ्या.