ब्रदर एचएल-एल२३६१डीएन: छोट्या ऑफिसला लॅन पोर्टवालाच प्रिंटर घ्या

नाशिकला आमचं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे, पाच कॉम्प्युटर आणि एक राउटर. आधी एक यूएसबीवाला प्रिंटर होता, तो पुढच्या टेबलवरच्या मॅडमच्या पीसीला जोडलेला आणि तिथून विंडोजचं शेअरिंग करून बाकी चौघांना दिलेला. मॅडमचा पीसी बंद असला किंवा नुसता स्लीपला गेला तरी सगळ्या ऑफिसची प्रिंट बंद. जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्नची गर्दी, क्लायंट समोर बसलाय आणि मी आतून ओरडतोय, "मॅडमचा पीसी चालू करा रे कोणीतरी!" फार त्रास काढला.

त्यात सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरला शेवटी ११बी असलेला तो एरर बऱ्याच ठिकाणी यायला लागला, आमच्याकडेही आला. कॉम्प्युटरवाल्या मुलाने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, एक व्हॅल्यू शून्य केली आणि प्रिंट सुरू झाली, पण नंतर कळलं की त्याने अपडेटमधली एक तपासणी बंद झाली आणि ती सिक्युरिटीसाठीच आणलेली होती. आमच्याकडे लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट असतात हो, अशी कडी काढून ठेवणं मला पटेना.

म्हणून हा ब्रदरचा लेझर घेतला. ब्लॅक अँड व्हाइट, मिनिटाला ३० पानं, २५० कागदांचा ट्रे आणि दोन्ही बाजूंनी प्रिंट आपोआप. मुख्य म्हणजे मागे लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल लावायची जागा आहे, केबल सरळ राउटरला लावली आणि प्रिंटर कुणा एकाच्या पीसीवर अवलंबून राहिला नाही. सकाळी जो पहिला येईल तो प्रिंट काढतो, एवढंच तर हवं होतं!

लावताना एक गोष्ट मात्र नीट करा. पहिल्या आठवड्यात दुपारी लाइट गेली, राउटर परत चालू झाला आणि प्रिंटरला दुसराच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला, पाचही पीसीवर प्रिंटर ऑफलाइन. यात दोष प्रिंटरचा नाही, आयपी फिक्स करायचा आमच्याकडून राहिला होता. राउटरच्या डीएचसीपी (आयपी वाटायच्या) सेटिंगमध्ये प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) टाकून आयपी राखून ठेवला, आमचा १९२.१६८.१.५० आहे. मग प्रत्येक पीसीवर विंडोजने आपणहून शोधलेला प्रिंटर न घेता टीसीपी/आयपी अ‍ॅड्रेस टाकून जोडला, कारण आपोआप जोडला की बऱ्याचदा डब्ल्यूएसडी (विंडोजच्या आपोआप शोधायच्या पद्धतीचा) पोर्ट बनतो आणि त्यावर प्रिंटर चालू असून ऑफलाइन दिसायचे प्रकार होतात. तरीही ऑफलाइन दिसलाच तर पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारायची) टिक काढून बघा. पाच पीसीचं मिळून तासाभराचं काम, एकदाच करायचं.

याला वायफाय नाही, हे घेण्याआधी बघून घ्या. आम्हाला अडत नाही, लॅपटॉप ऑफिसच्या वायफायवर असला की त्याच राउटरमधून प्रिंट जाते, फक्त गेस्ट वायफायवर असेल तर प्रिंटर सापडत नाही. आणि लीगल साइजचा कागद लावायचा तर ट्रे मागून ओढून लांब करावा लागतो, तेव्हा भिंतीला चिकटवून ठेवू नका, आम्ही टेबल वीतभर पुढे घेतलं.