तालुक्याच्या गावाबाहेर: एनए प्लॉट घ्यावा की स्कीममधला फ्लॅट?

तालुक्याच्या गावातून बायपासकडे निघालं की शेवटच्या पेट्रोल पंपानंतर कमानी सुरू होतात. गेल्या वर्षी जिथे तूर उभी होती तिथे आता मुरमाचे रस्ते, फक्कीच्या रेघा आणि ‘मोजकेच प्लॉट शिल्लक’चा फ्लेक्स. समोर चार मजली स्कीम, खाली पार्किंग. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘आपली जागा’ हवी असते, नोकरीतल्या मुलांना हातात किल्ली.

वाद घालण्याआधी एवढं ठरवा: तिथे राहायला कधी जाणार? वर्षभरात जायचं असेल तर सरळ फ्लॅट बघा. बांधकामावर रोज चक्कर मारणारं घरचं कोणी असेल आणि दोन-तीन वर्षं थांबायची तयारी असेल, तरच प्लॉट. ‘घेऊन ठेवू, पुढे बघू’ हा तिसरा प्रकार मला सर्वांत महागडा वाटतो.

कागद

प्लॉटच्या बाबतीत ‘एनए आहे’ या दोन शब्दांत बराच माल खपतो. एनए म्हणजे ‘नॉन-ॲग्रिकल्चरल’. खरा एनए म्हणजे बिगरशेती वापराची मान्यता, मंजूर अंतिम रेखांकन (लेआउटचा नकाशा) आणि त्या प्लॉट नंबरचा स्वतंत्र उतारा. ‘एनए प्रस्तावित’ म्हणजे अजून शेतच. आणि गुंठेवारी म्हणजे एका सात-बारावर तुमच्यासोबत अनोळखी दहा जणांची नावं. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. त्यात घर बसतं, पण शेतजमिनीच्या तुकड्यांवर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची बंधनं आहेत आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन थेट घेताच येत नाही. जुनी गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे, पण ‘नियमित करून देऊ’ या बोलीवर इसार देऊ नका. ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून मालकी पटवून देणारेही भेटतात. तो घरपट्टीचा कागद, मालकीचा नव्हे. सात-बारावर ‘भोगवटादार वर्ग २’ (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) किंवा इतर हक्कांत वारसांची नावं दिसली, तर आधी वकील, मग पैसे.

फ्लॅटमध्ये कागद तुलनेने सुटसुटीत. रेरा हा घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१६ चा. बिल्डरला गिऱ्हाइकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत आणि बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं त्याच्यावर असते. फक्त एक फट लक्षात ठेवा. आठपर्यंतच फ्लॅट असलेली किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरची इमारत रेराच्या नोंदणीतून सुटते, आणि छोट्या गावातल्या बऱ्याच इमारती त्याच मापाच्या असतात. उलट मोठ्या प्लॉटिंगलाही रेराची नोंदणी लागते, हे प्लॉट घेणाऱ्यांच्या गावीही नसतं.

पाणी

इथे ब्रोशर बाजूला ठेवा आणि मे महिन्यात दुपारी जागेवर जा. मी असाच एक लेआउट बघायला गेलो होतो. प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यात निळा पाइप, वर पितळी नळ. दाखवणारा मुलगा फोनवर बोलत होता तेवढ्यात मी नळ फिरवून बघितला, तर वीतभर पाइप उपटून हातातच आला. खाली नुसती माती. मुलगा म्हणाला, “लाइन नंतर पडणार आहे सर.” मी पाइप परत रोवला आणि घरी आलो.

प्लॉटवर पाणी तुमचं तुम्ही बघायचं: बोअर लागली तर लागली, शिवाय सेप्टिक टँक, विजेचा खांब, पावसाळ्यातला चिखल. फ्लॅटमध्ये हीच डोकेदुखी सगळ्यांत वाटली जाते, पण टँकर सुरू झाले की मेंटेनन्स फुगतो. तळमजल्यावरच्या काकूंना विचारा. टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो हे त्यांना तोंडपाठ असतं.

पैसे

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतला तर काहीच नाही. नुसत्या प्लॉटवरही नाही. मात्र प्लॉटच्या कर्जाच्या व्याजावर, त्यावर घर उभं राहीपर्यंत, प्राप्तिकरात घराच्या कर्जासारखी वजावट मिळत नाही.

ताबा मिळाल्यानंतर

रिकामा प्लॉट गप्प बसत नाही. दोन पावसाळ्यांत वेडी बाभूळ कमरेएवढी होते, शेजारचा राडारोडा तुमच्या हद्दीत येतो आणि हद्दीचे दगड दिसेनासे होतात. मग सरकारी मोजणीचा अर्ज, फी, तारीख. कुंपण पहिल्याच महिन्यात घालणार नसाल तर प्लॉट घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो.

फ्लॅटला ही कटकट नाही. तिथली कटकट वेगळी: अनेकदा सोसायटीच होत नाही आणि जमीन बिल्डरच्याच नावावर राहते. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने टाळलं तरी जमीन सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, रस्ता आहे, पण त्यासाठी आठ-दहा घरांना एकत्र बसावं लागतं आणि त्यातली निम्मी माणसं बाहेरगावी असतात.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच ऐकाल: “ऑफर रविवारपर्यंतच आहे.” सात-बारा आणि फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) ऑनलाइन रविवारीही निघतात. रेखांकन मात्र खरं की खोटं हे मंजुरी देणाऱ्या कार्यालयातच कळतं, आणि ते सोमवारी उघडतं.