आधी पडद्यावर, मग पत्र्यात: कॅड आराखड्यावरून बांधलेल्या सर्व्हिस ट्रकचा अनुभव

यंत्रदुरुस्तीसाठी साइटवर जाणारा आमचा तिसरा सर्व्हिस ट्रक या वेळी आम्ही अशा एका वर्कशॉपकडून बांधून घेतला, जे चॅसीवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, चढणाऱ्या प्रत्येक वस्तूचे त्रिमितीय कॅड मॉडेल (संगणकावरचा आराखडा) आधी तयार करते, त्यावर ग्राहकाची सही घेते आणि त्यानंतरच पत्र्याला हात लावते. गाडी कामावर लागून सात महिने झाले आहेत, त्यामुळे पडद्यावर दाखवलेले आणि प्रत्यक्ष हाती आलेले यांची तुलना करण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे.

आधीच्या दोन गाड्या आम्ही जमिनीवर खडूने मापे आखून बांधून घेतल्या होत्या. ते कारागीर कसबी होते आणि त्यांच्या वेल्डिंगला आजही नावे ठेवता येणार नाहीत. तरीही पहिल्या गाडीतल्या डावीकडच्या उभ्या कप्प्याचे दार पूर्ण उघडले की शिडीच्या हुकाला अडते, आणि दुसऱ्या गाडीतल्या जनरेटरचे तेल बदलायचे तर आधी त्याचे नटबोल्ट सोडवून तो बाहेर ओढावा लागतो. असे दोष गाडी रंगवून झाल्यावरच लक्षात येतात, मग ते कोणी दुरुस्त करत नाही आणि माणसे वर्षानुवर्षे त्यांच्या कलाने काम करत राहतात.

नव्या वर्कशॉपने पहिल्या बैठकीत चित्रे दाखवली नाहीत, यादी मागितली. क्रेन, कॉम्प्रेसर, वेल्डिंग जनरेटर, तेलाच्या टाक्या, होज रील, गॅस सिलिंडर, हत्यारांचे ड्रॉवर अशा प्रत्येक वस्तूचे माप, तिचे वजन आणि ती दिवसातून किती वेळा हाताळली जाते, एवढी माहिती मिळाल्याशिवाय आराखडा सुरू होणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पाने, सॉकेट आणि जॅक वजनकाट्यावर चढवताना आमची माणसे वैतागली होती. पण हत्यारांचे एकूण वजन माझ्या अंदाजाच्या जवळपास दीडपट निघाले, तेव्हा त्या आग्रहाचे कारण मला समजले.

या सेवेचा खरा उपयोग मला वजनाच्या हिशेबात झाला. आमच्या चॅसीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर, 4200 मिलिमीटर आहे. इंजिन किंवा पंप उचलून सरळ गाडीच्या मागे उतरवता यावा म्हणून क्रेन मागच्या उजव्या कोपऱ्यातच, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या 900 मिलिमीटर मागे, हवी असा आमचा हट्ट होता. 600 किलोची क्रेन त्या जागी बसवली की मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे 729 किलो भार येतो, कारण वरचे 129 किलो पुढच्या अ‍ॅक्सलवरून उचलले जातात. टेकूवर ठेवलेली पहार एका टोकाला दाबली की दुसरे टोक वर येते, तसाच हा प्रकार आहे. पुढची चाके अशी हलकी झाली की स्टिअरिंगवरचा ताबा कमी होतो. आराखडा करणाऱ्या तरुण अभियंत्याने क्रेनची जागा न बदलता 350 किलोचा कॉम्प्रेसर, जो मी मागच्या चाकांच्या बरोबर वर सुचवला होता, केबिनच्या मागे, मागच्या अ‍ॅक्सलच्या 3000 मिलिमीटर पुढे नेला. त्यामुळे त्याचे 250 किलो पुढच्या अ‍ॅक्सलवर आले आणि क्रेनने उचललेला भार भरून निघूनही थोडे वजन शिल्लक राहिले.

हा हिशेब कागदावरही मांडता येतो, हे मान्य आहे. मात्र मॉडेलमधल्या प्रत्येक भागाला त्याचा धातू आणि जाडी नेमून दिलेली असल्यामुळे एखादा कप्पा 100 मिलिमीटर सरकवला किंवा एखादे दार पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे केले, की एकूण वजन आणि गुरुत्वमध्य दोन्ही लगेच नव्याने समोर येतात, आणि त्यामुळे ‘असे केले तर काय होईल’ हा प्रश्न विचारायला माणूस बिचकत नाही. तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरते, तर तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमचे आठ किलोच्या आसपास. दारे आणि वरची झाकणे अ‍ॅल्युमिनियमची करण्याचा निर्णय आम्ही त्या एका बैठकीत, पडद्यावरचा आकडा उतरताना पाहत घेतला. दोन्ही धातू एकमेकांना थेट टेकले आणि त्यात ओल शिरली तर अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून बिजागऱ्यांखाली प्लॅस्टिकचे तुकडे घालण्याची सूचनाही त्यांनी आपणहून केली.

भाग एकमेकांवर आदळतात का, हे तपासण्याची सोय कॅडमध्ये असतेच. क्रेनचा दांडा मिटवून ठेवलेल्या स्थितीत शिडीच्या रॅकला 20 मिलिमीटरने छेदत होता, ते तिने पकडले. पण ज्या अडचणीत धातू धातूला लागत नाही, तिथे ही तपासणी मुकी असते. आमच्या सर्वांत जुन्या मेकॅनिकने मॉडेल बराच वेळ फिरवून पाहिले आणि मला विचारले, “साहेब, चित्रात कॉम्प्रेसर छान बसलाय, पण फिल्टर सोडवायला पाना फिरवायचा तर हात आत जाणार कुठून?” अभियंत्याने तिथेच मॉडेलमध्ये हाताच्या जाडीचा एक दंडगोल ठेवून पाहिला आणि तो कुठूनच आत जात नव्हता. कॉम्प्रेसर आडवा फिरवून बाजूच्या पत्र्यात एक छोटे दार काढावे लागले. आराखड्यावर सही मालकाची असली, तरी त्याआधी तो गाडीवर काम करणाऱ्या माणसाच्या नजरेखालून गेला पाहिजे, हे मी त्या दिवशी शिकलो.

तक्रारीच्या दोन जागा आहेत. पहिली चूक चॅसीच्या मॉडेलची. वर्कशॉपने चॅसी उत्पादकाने दिलेली कॅड फाइल वापरली, पण ती त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराची होती. आमच्या चॅसीवर डीईएफची (डिझेल इंजिनाचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी ज्या बाजूला होती, ती जागा फाइलमध्ये मोकळी होती. चॅसी आवारात येईपर्यंत डाव्या कप्प्याचे दोन ब्रॅकेट लेझरने कापून, वाकवून तयार झाले होते आणि ते नेमके टाकीच्या झाकणावर येत होते. त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने नव्याने केले, पण आमचे नऊ दिवस गेले. टेप घेऊन अर्धा तास प्रत्यक्ष चॅसी मोजली असती तर हे टळले असते, आणि इतक्या काटेकोर सेवेत ही ढिलाई मला आजही खटकते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. मॉडेलमधली चॅसी रिकाम्या गाडीच्या उंचीवर उभी होती. पूर्ण माल भरल्यावर चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबतात आणि आमच्या गाडीची मागची बाजू सुमारे 70 मिलिमीटर खाली येते, हे उंचीची मापे ठरवताना कोणी धरलेच नाही. परिणामी मागच्या बंपरवरचा व्हाइस (वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा), जो कोपराच्या उंचीला येईल असा बसवला होता, तो प्रत्यक्षात इतका खाली आला की कानस चालवताना पाठ वाकते. आम्ही त्याखाली चौकोनी नळीचा तुकडा घालून घेतला.

उभारणीच्या दर्जाबद्दल मात्र फार लिहिण्याची गरज नाही. पत्रा वाकवताना तो किती ताणला जातो, याचे गणित त्यांनी आपल्या मशीनवर तुकडे वाकवून जुळवून घेतलेले असल्यामुळे सगळ्या दारांभोवतीची फट चार मिलिमीटरच्या आसपास सारखी आली आहे. चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायला उत्पादक सहसा मनाई करतात; इथे सगळे ब्रॅकेट उभ्या बाजूच्या मूळ भोकांवर जुळवले होते आणि बोल्ट बसवताना एकदाही ड्रिल हातात घ्यावे लागले नाही. हायड्रॉलिक होज आणि वायरिंग मात्र मॉडेलमध्ये नावापुरतेच होते. होजला वळायला किती जागा लागते, याचा विचार रीलजवळ झालेला दिसत नाही, आणि तिथला एक होज पाच महिन्यांत घासून बदलावा लागला.

आराखड्यात तीनदा बदल करून मिळतात, त्यापुढे प्रत्येक बदलाचे वेगळे शुल्क पडते. ही अट वाजवी आहे, फक्त ती सुरुवातीलाच सांगायला हवी होती. गाडी जशी प्रत्यक्ष बांधली गेली तशी अंतिम ड्रॉइंग मिळण्यासाठी मला तीनदा आठवण करावी लागली. ती हाती आल्यापासून मात्र रोज उपयोगी पडतात: कप्प्याचे एक दार धडकेत वाकले, तेव्हा त्याच फाइलवरून नवे दार कापून आले आणि जुन्या बिजागऱ्यांवर मुकाट बसले.

चौथ्या गाडीचे काम आम्ही याच वर्कशॉपला दिले आहे. तिची चॅसी आधी त्यांच्या आवारात उभी केली, मागे वाळूची पोती भरून ती पूर्ण भाराला बसवली आणि अभियंत्याने पहिली मापे तिथे, टेप घेऊन, आमच्या मेकॅनिकसमोर घेतली.