दहा मिनिटांत किराणा: तीन महिने वापरून (५ पैकी २ तारे)

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. गुडघा दुखतो म्हणून मुलाने दहा मिनिटांत किराणा आणणारं ॲप फोनवर घालून दिलं. सामान वेळेत येतं, दूध थंडगार, कोथिंबीर ताजी. तिथे तक्रार नाही.

तक्रार हिशोबाची आहे. हवं होतं अर्धा लिटर दूध. घरपोच फुकट व्हावं म्हणून बिस्किटं, शेव, साबण घेत गेले आणि बिल २१२ रुपयांवर पोहोचलं. शेवटच्या पानावर हाताळणी शुल्क, शिवाय एक रुपयाच्या देणगीवर आधीच खूण. न विचारता टोपलीत काही टाकणं आणि शेवटी शुल्क उघड करणं, दोन्ही केंद्राच्या नोव्हेंबर २०२३च्या नियमांतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांत मोडतात. तरी सर्रास चालू आहे.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. रात्री अकराला, भूक नसताना, मी त्या फोनवर काय काय बघत बसलेले असायचे! आमच्या घरी महिन्याची यादी आई पाटीवर लिहायची, यादीबाहेरचं काही येत नसे. आणि तो सामान आणणारा पोरगा भर उन्हात तीन जिने धावत चढला. पाणी पुढे केलं तर म्हणाला, "मासी, दुसरी ऑर्डर आली." प्यायलाच नाही.

सदस्यत्व घ्यायला एक बोट पुरलं होतं, बंद करायला सहा पानं ओलांडावी लागली. आता ऊन चढायच्या आत हळूहळू खंडेराव मार्केटात जाते. भाजीवाली गुडघ्याची चौकशी करते, मिरच्या वर घालते.