मस्टँगला मॅग व्हील: कास्ट घ्यायचे की फोर्ज्ड?

सोलापुरात फोर्ड मस्टँग बाळगणारे मोजकेच, पण कंपनीची चाकं काढून मॅग, म्हणजे अलॉय व्हील बसवायची खाज सगळ्यांनाच. पुण्याहून येताना हायवेवर गाडी मजेत पळते. खरी परीक्षा गावात शिरल्यावर, खड्डे आणि पट्टे न मारलेले गतिरोधक लागले की.

कास्ट व्हील म्हणजे वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतलेलं. स्वस्त, डिझाइन भरपूर. पण खड्ड्यात जोरात आपटलं तर तडकू शकतं. फोर्ज्ड व्हील प्रचंड दाबाखाली घडवलेलं असतं. धातू घट्ट, त्यामुळे कमी वजनात तितकीच ताकद, आणि मार बसला तर ते बहुधा वाकतं, तुटत नाही. वजन कमी झालं की सस्पेन्शनला चाक सावरायला सोपं जातं, ब्रेकलाही. किंमत मात्र कास्टच्या कितीतरी पट.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापराला चांगल्या कंपनीचं कास्टच घ्या, आतल्या बाजूला लोड रेटिंग (चाक किती वजन पेलतं तो आकडा) कोरलेलं बघून. ट्रॅकवर जाणार असाल तरच फोर्ज्ड. वाचलेले पैसे टायरमध्ये घाला. आणि १९ चं २० इंची करायच्या फंदात पडू नका, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आणखी बुटकी होते. उलट २५५/४० आर१९ (रुंदी २५५ मिलिमीटर, साइडवॉल तिच्या ४० टक्के, चाक १९ इंची) ऐवजी २५५/४५ आर१८ घेतलं तर एकूण व्यास तोच राहतो आणि साइडवॉल १०२ ची सुमारे ११५ मिलिमीटर होते. फक्त ब्रेक कॅलिपरला (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) चाक घासत नाही ना, हे आधी बसवून बघा.

मस्टँगचा पीसीडी (बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×११४.३ मिलिमीटर, सेंटर बोअर (चाकाचं मधलं भोक) ७०.५. नव्या चाकाचा बोअर याहून मोठा असेल तर मधली फट भरणारी हब रिंग मागून घ्या, नाहीतर स्टिअरिंग थरथरेल.