खिशातला सूक्ष्मदर्शक: गोळा दिसतो, कार्बन दिसत नाही

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मेल्टिंगला आहे. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन ठेवायचा, हे माझं रोजचं काम. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या १२१.६ ग्रॅम मातीत साडेचार टक्क्यांच्या आसपास कार्बन निघाला, हे मी लेकीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पप्पा, अशी धूळ आपल्या गच्चीवर पण पडत असेल की!" तेव्हा हा ६० ते १२० पटींचा सूक्ष्मदर्शक घेतला, साडेसहाशे रुपयांना.

चुंबक पिशवीत घालून पन्हाळीच्या गाळात फिरवला. पहिल्याच दिवशी शेकड्यानं काळे, तकतकीत गोळे. पण ते आमचेच! ग्राइंडिंग-वेल्डिंगच्या ठिणग्या हवेतच गोल होऊन थंडावतात. उद्यमबागेजवळ राहणाऱ्यांनी गाळ लांबून आणावा. आम्ही जांबोटीकडच्या सासुरवाडीच्या कौलांवरून आणला. तिसऱ्या रविवारी एक कण मिळाला, अंगावर बारीक समांतर रेघा असलेला. आकाशातून आलेल्या गोळ्यांवर अशा रेघा असतात, तरी रासायनिक तपासणीशिवाय खात्री देणार नाही.

८० पटींपर्यंत चित्र स्वच्छ आहे, पुढे अंधारतं. फोकसचं चाक सैल आहे, हात हलला की कण हरवतो. मोबाइलची क्लिप मात्र उत्तम.

लेकीला कार्बन बघायचा होता, तो यात दिसणार नाही. कण सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त वेगानं वातावरणात शिरतो. तो वितळून गोळा झाला की कार्बन जळून जातो. न वितळलेले कण २० किलोमीटर उंचीवर विमानांनी पकडलेत, अंटार्क्टिकाच्या बर्फातही सापडलेत. तिथल्या काहींत निम्म्याहून जास्त भाग कार्बनी पदार्थाचा आहे. सूर्यापासून लांब, थंडीत जमल्यामुळे तो टिकला, साडेचारशे कोटी वर्षांहून जास्त. सूर्याजवळच्या तापलेल्या पट्ट्यात तो टिकला नाही. पृथ्वीत कार्बन इतका कमी का, याचं एक कारण हेच. आणि २००६ मध्ये स्टारडस्ट यानानं लांबच्या थंडीत बनलेल्या वाइल्ड-२ धूमकेतूची धूळ आणली, तिच्यात प्रचंड उष्णतेतच बनणारी खनिजं निघाली. म्हणजे त्या काळी सूर्याजवळचा माल पार लांबपर्यंत ढवळला गेला होता. भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला हे लगेच पटतं.

पाचपैकी चार. बटण सेल दोन महिन्यांत संपतात, जादा घेऊन ठेवा.