पाईपवरच्या निळ्या पट्ट्याला भुलू नका

‘सीम (म्हणजे जोड) नॉर्मलाइझ केलेला माल’ म्हणून एका डीलरने आम्हाला ईआरडब्ल्यू पाईप (पोलादी पट्टी वळवून कडा विजेने जोडलेले) विकले, त्याचे जादा पैसेही लावले. प्रत्यक्षात नॉर्मलायझिंग झालंच नव्हतं.

ईआरडब्ल्यूमध्ये पट्टीच्या कडा हाय फ्रिक्वेन्सी करंटने तापवून एकमेकींवर दाबतात. तापतो तो भाग अगदी अरुंद, शेजारचं पोलाद गार. त्यामुळे जोड झटक्यात निवतो आणि कार्बन-मँगनीज जरा जास्त असलं की तिथे मार्टेन्साइट धरतं. पोलादाचं कडक, पण ठिसूळ रूप. म्हणून मिलमध्ये जोड इंडक्शन कॉइलखालून ९०० अंशांच्या वर तापवून हवेत निवू देतात; हेच नॉर्मलायझिंग. ताकद जवळपास टिकते आणि चिवटपणा येतो.

आमच्या पाईपवर जोडाच्या कडेने छान निळा पट्टा होता. डीलर त्यावर बोट ठेवून म्हणाला, “साहेब, हीट ट्रीटमेंटची खूण आहे ही.” खूण होती, पण गॅस टॉर्चची! पोलाद ३०० अंशांच्या आसपासच निळं पडतं; ९०० पार गेलेल्या जोडावर काळपट राखाडी पापुद्रा येतो, निळसर छटा फार तर त्याच्या कडांना.

शंका आली ती वाकवताना एक पाईप जोडावरच उकलला तेव्हा. टोकाची रिंग कापली, जोड बाजूला, म्हणजे दाबाच्या दिशेला ९० अंशांत ठेवून प्रेसखाली चेपली. कड्‌कन गेली. मग आडवा काप पॉलिश करून नायटल (पोलादाची रचना उघडी करणारं नायट्रिक आम्ल-अल्कोहोलचं मिश्रण) लावलं. वेल्डिंगचा डमरूसारखा अरुंद भाग स्वच्छ दिसला. त्याला झाकणारा नॉर्मलायझिंगचा रुंद पट्टा कुठेच नाही.

टीसी (मिलची टेस्ट सर्टिफिकेट) मात्र खरी होती, फक्त दुसऱ्या मालाची. हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) मिलला कळवला तर तो वेगळ्याच साइजचा निघाला. फोटोकॉपीवर माल उचलू नका. पाईपवरचा नंबर जुळवा आणि मिलकडूनच खात्री करा.

“हायड्रोटेस्ट पास आहे, टेन्साइल बघा” हेही ऐकवलं जाईल. दोन्ही खरं असू शकतं. हायड्रोटेस्टमध्ये पाण्याचा दाब सावकाश चढतो, आणि कडक जोड टेन्साइलमध्ये, म्हणजे ओढून ताणायच्या चाचणीत, उलट झोकात पास होतो. चिवटपणा कळतो चार्पीत, म्हणजे खाच पाडलेल्या नमुन्यावर हातोडा आदळायच्या चाचणीत, तेही खाच बरोबर जोडरेषेवर असेल तर. बॉडीवरचा, म्हणजे जोड सोडून बाकीच्या पाईपचा, नमुना दाखवून जोडाचं सर्टिफिकेट देणारेही आहेत. ऑर्डरमध्येच लिहून घ्या: चार्पी जोडावर, अमुक तापमानाला, हार्डनेस जोडाच्या आडवी, आणि कापाचा फोटो.

डीलरने आधी मिलवर ढकललं, नंतर माल परत नेला. काही रक्कम अजून अडकलेली आहे. ते पाईप त्याने भंगारात घातले असतील असं मला तरी वाटत नाही.